हापशाची अट

ताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा उरली नव्हती. बायका दारापर्यंत दाटीवाटीने बसल्या होत्या, पुरुष बाहेर रस्त्यावर उभे होते. कुणीतरी माइक धरून तुझ्याबद्दल बोलत होतं: आपल्या कॉलनीतली पहिली एम.एस्सी., अंबडच्या कारखान्यात ऑफिसच्या टेबलामागे बसलेली आपली पहिली मुलगी. सगळं खरंच होतं. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की तू माझ्या मागच्या रांगेत बसली आहेस आणि आता पुढे वाकून कानात म्हणशील, "विलास, हा माणूस तेच तेच फिरवून सांगतोय रे." मी मागे वळून बघितलंसुद्धा. मागे कारखान्यातल्या माझ्या जुन्या शॉपमधले रामभाऊ बसले होते. माझी नजर वळताच त्यांनी मान खाली घातली आणि टोपीने डोळे पुसले.

घरात तू अजून आहेस. हे मी कुणाला सांगत नाही. दुपारी आई पडलेली असते, मी कामावरून लवकर आलेला असतो, आणि आतल्या खोलीतून पेन्सिल टेबलावर आपटल्याचा आवाज येतो. विचार करताना तू आपटायचीस तसा, एका लयीत, जरा चिडका. मी आत जातो. खिडकीची कडी वाऱ्याने हलत असते. कडी घट्ट लावून बाहेर येतो, तरी आवाज थांबत नाही. आईलाही तो येत असावा. ती डोळे न उघडता म्हणते, "राहू दे तिला."

परवा घोटीच्या अलीकडे एका वाडीवर हापसा दुरुस्त करायला गेलो होतो. वरचं डोकं उतरवलं आणि पाइपाला कान लावला. आत पाणी कितपत खाली आहे याचा अंदाज मी तसाच घेतो. तर खालून तुझा आवाज आला. स्पष्ट. "आधी अट काय आहे ते सांग." मी दचकून मागे सरलो. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "काय झालं भाऊ? साप हाय का काय आत?"

"नाय," मी म्हटलं, "पाणी हाय."

अट काय आहे, हे तुझं पालुपद. पुण्याहून शिकून आलीस तेव्हापासूनचं. आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते, मी आयटीआयला होतो, आणि तू नेमकं काय शिकलीस हे कॉलनीत कुणालाच सांगता येत नव्हतं. आईला वाटायचं तू बँकेत लागणार. एका रविवारी तू स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने दोन रेघा मारल्यास, एक आडवी, एक उभी, आणि आम्हा दोघांना समोर बसवलंस.

"समज, आई शेव आणि बुंदीचे लाडू करून विकते. घरात बेसन एवढंच आहे. तेल एवढंच. आणि आईचे हात दोनच. मग शेव किती करायची आणि लाडू किती?"

आई म्हणाली, "ज्याला गिऱ्हाईक असेल ते करायचं."

"गिऱ्हाईक दोन्हीला आहे. फायदा जास्तीत जास्त व्हायला पाहिजे, एवढंच."

आडव्या रेघेवर शेव मोजायची, उभीवर लाडू, म्हणालीस, आणि मग तिरप्या रेघा ओढल्यास. ही बेसनाची रेघ, हिच्या पलीकडे जाता येत नाही. ही तेलाची. ही आईच्या वेळेची. सगळ्या रेघांच्या आत जो तुकडा उरला तो तू खडूने भरून काढलास. म्हणालीस, या तुकड्यात कुठेही उभं राहिलं तरी चालतं, पण सगळ्यात जास्त फायदा नेहमी कोपऱ्यावर सापडतो.

"मधे का नाही?" मी विचारलं.

"मधे असलास की अजून थोडं सरकायला जागा असते. सरकता सरकता रेघेला टेकतोस, मग कोपऱ्याला. कोपऱ्याच्या पुढे जागाच नसते."

मी खालचा एक कोपरा दाखवला, आडव्या रेघेवर टेकलेला. "आणि उत्तर इथे आलं तर?"

"तर लाडू शून्य. सगळी शेव."

आईला ते अजिबात आवडलं नाही. सणासुदीला लाडू नसलेलं दुकान ते काय दुकान, म्हणाली. तू हसलीस. फायदा म्हणजे काय हे आधी कुणीतरी ठरवतं, गणित त्यानंतर सुरू होतं, असं काहीतरी तू तेव्हा बोललीस. मला ते त्या दिवशी समजलं नाही.

पुढे काही वर्षांनी आपण दोघंही त्याच कारखान्यात लागलो. आधी मी, हापशांच्या शॉपमध्ये फिटर म्हणून. मग तू, वरच्या मजल्यावर, प्लॅनिंगला. कारखाना तीन वस्तू बनवायचा: विजेच्या मोटारीचे पंप, डिझेल इंजिनाचे पंप आणि गावोगाव बसतात ते हाताचे हापसे. भट्टी एकच. मोठे लेथ मोजके, आणि विजेची कपात तर ठरलेली. दर महिन्याला काय किती बनवायचं यावरून प्रत्येक शॉपचा सुपरवायझर भांडायचा. साहेबांनी, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरनी, तुला सांगितलं की बाई, तुमचं ते लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात ते इथे करून दाखवा.

तू घरी मोठाले कागद आणायचीस आणि फरशीवर पसरायचीस. आईला त्या खोलीत झाडू मारायची बंदी. तीन वस्तू, प्रत्येकीला भट्टीचा वेळ वेगळा, लेथचा वेळ वेगळा, ओतकाम वेगळं. आता खडूच्या दोन रेघांनी भागणार नव्हतं. कोष्टकामागून कोष्टक करत तू एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर सरकत होतीस. बोटांना शाई लागलेली, केस कसेही बांधलेले. तुला मी कधी इतकं खूश बघितलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी तू जेवली नाहीस. मी हात धुऊन बसलो तर म्हणालीस, "विलास, हापसे शून्य आलेत."

मला वाटलं तू थट्टा करतेस.

"परत करून बघ ना."

"केलं. चूक नाही त्यात. एका हापशाला जेवढा भट्टीचा वेळ जातो तेवढ्यात इंजिनाचा पंप होतो, आणि त्याच्यात मिळतं जास्त. उत्तर बरोबर आहे." मग कागदाची घडी घालत, "बरोबर आहे, म्हणूनच भीती वाटतेय."

आमच्या शॉपमध्ये बहुतेक वयस्कर माणसं होती. रामभाऊंसारखी, भट्टीच्या कामातून दमून इकडे आलेली. त्यांना मोठ्या लेथवर कुणी घेतलं नसतं. मी एकटा तरणा. तू मला तेव्हा काही वचन दिलं नाहीस. फक्त कागद पुन्हा पसरलेस आणि एक ओळ वाढवलीस. मी वाकून बघितलं. तू बोट ठेवून वाचून दाखवलंस: हापसे किमान इतके झालेच पाहिजेत. ही एक अट.

"असं कुणीही काहीही अट घालू शकतं?" मी विचारलं.

"घालू शकतं. पण मग ती अट केवढ्याला पडते हेही दाखवावं लागतं. लपवायचं नाही."

त्या मीटिंगमध्ये काय झालं हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस, दवाखान्याच्या बाकावर बसून. तू दोन्ही उत्तरं साहेबांसमोर ठेवलीस, अटीशिवायचं आणि अटीसकट. अटीमुळे नफा जेवढा कमी होत होता तो आकडाही ठेवलास. त्याला तुमच्या शास्त्रात सावलीची किंमत म्हणतात, हेही सांगितलंस. म्हणालीस, किंमत लहान आहे, कंपनीला झेपण्यासारखी आहे, आणि सरकारी योजनेतून हापशांची मागणी पुढे वाढणार आहे. साहेबांनी कागद बघितलेच नाहीत. खुर्ची मागे रेलली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा भाऊ त्याच शॉपमध्ये आहे ना? आपल्या माणसांसाठी जागा राखून ठेवायची तुम्हा लोकांना सवयच असते."

कुणी हसलं, कुणी कागदात बघितलं.

तू म्हणाली होतीस की त्या क्षणी तुला तुझे सगळे कागद पांढरे दिसायला लागले. कोष्टकं तीच, आकडे तेच, पण आता त्यातल्या प्रत्येक आकड्याला माझं नाव चिकटलं होतं. तू रडली नाहीस, भांडली नाहीस. तू म्हणालीस, "माझा भाऊ उद्यापासून या कारखान्यात नसेल. आता अटीबद्दल बोला."

माझं काम गेलं एवढं मला कळलं ते रामभाऊंकडून, दुसऱ्या दिवशी, हजेरीच्या रांगेत. "इलास, तुझ्या भनीनं तुला काढून घेतलं म्हनं. आमच्यापायी." माझ्या कानांत नुसता भट्टीचा आवाज भरला. मी तसाच गेटमधून माघारी फिरलो आणि तू घरी येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलो.

"मला विचारायचं तरी होतंस," मी म्हटलं.

तू चप्पलसुद्धा काढली नव्हतीस. "तू आयटीआय झालेला आहेस. तुला उद्या दुसरीकडे काम मिळेल. रामभाऊंना कोण घेणार आहे?"

"ते मला कळतं. मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"ते आता तुला कधीच कळणार नाही."

तू दारात उभी राहिलीस. उंबऱ्याच्या आतही नाही, बाहेरही नाही. तो चेहरा मला अजून दिसतो. तुझ्या आजारपणातला चेहरा हल्ली पुसट होत चाललाय, पण तो नाही. त्यानंतर आपण एका घरात राहून कितीतरी दिवस आईच्या मार्फत बोललो. "त्याला सांग पाणी तापलंय." "तिला सांग मला नकोय."

आपलं ते भांडण कधी मिटलं असं झालंच नाही. नुसतं वापरून वापरून बोथट झालं. नंतर कधी चेष्टेत, कधी अर्धवट चिडून, मी म्हणायचो, "ज्याच्यावर आपला हक्क चालतो, त्याचंच आधी कापायचं, हा कुठला न्याय?" आणि तू म्हणायचीस, "दुसऱ्याचं कापायचा मला काय अधिकार?" एवढ्यावर आपण दोघंही थांबायचो.

अट मात्र राहिली. भावाचं कारण संपल्यावर साहेबांना सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही. हापशांचं शॉप काही वर्षं चाललं, रामभाऊ तिथूनच रिटायर झाले, त्यांच्या मुलीचं लग्न त्या पगारावर झालं. मग कंपनीने हापसे बंदच केले आणि उरलेली माणसं पंपांच्या शॉपमध्ये वाटून टाकली. म्हणजे शेवटी शून्यच आलं. पण मधल्या वर्षांत माणसं जगली. मी हे तुला कधी म्हटलं नाही. आणखी एक म्हटलं नाही. मी हापसे दुरुस्तीच्या पथकात लागलो, जीपमधून इगतपुरी, पेठ, सुरगाणा असा फिरायला लागलो, आणि मला ते काम आवडलं. कोरडा हापसा हलवला की तो आधी कण्हतो, घशातून घरघर करतो, आणि मग एकदम पाणी. बाया हंडे सरसावतात. शॉपमध्ये वर्षानुवर्षं मी हापसे जोडले, पण त्यातून पाणी आलेलं तिथे कधी बघितलं नव्हतं. ते तुझ्यामुळे बघितलं. तुला वाटत राहिलं की तू माझं नुकसान केलंस, आणि मी तुला तसं वाटू दिलं, कारण भांडणात माझ्या हातात तेवढंच होतं.

मग तुझे पाय सुजायला लागले.

मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि तू आतून ओरडलीस, "मलाच सांगा, मला आकडे कळतात." नाशकात तेव्हा एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायचं यंत्र नुकतंच आलं होतं. यंत्र एक, चालवणारा माणूस एक. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी तुला घेऊन जायचो. तू नळ्यांना जोडलेली पडायचीस आणि तुझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

तिथेच आपल्याला देवळा गावचा उत्तम भेटला. कांदा पिकवणारा माणूस, अंगाने धिप्पाड, पण बायकोला, सुमनला, धरून आणताना असा वाकलेला की तोच आजारी वाटावा. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, यंत्रावर जागा नाही, मुंबईला न्या. तो बाकावर आपल्याशेजारी बसून राहिला. सुमन त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड उघडं, ओठ सुकलेले.

तू डॉक्टरांना हाक मारलीस. "जागा नाही म्हणजे काय? यंत्र आत्ता रिकामं आहे."

"ते धुवायला लागतं. पुढचा पेशंट अजून आलेला नाही. मग वीज जाते. आमचा माणूस जेवायला जातो."

"अटी सांगा मला सगळ्या," तू म्हणालीस. डॉक्टर बघतच राहिले. पण त्यांनी सांगितल्या. भले माणूस होते ते.

पुढचे दोन-तीन दिवस आपल्या फरशीवर पुन्हा कागद आले. तुला वाकवत नव्हतं, म्हणून तू खाटेवरून सांगायचीस आणि मी लिहायचो. गावातले पेशंट सकाळी लवकर घ्यायचे. बाहेरगावचे एस.टी.ने येणारे दुपारी. धुण्याचा वेळ वीज असतानाच उरकायचा. जेवणाची सुट्टी दोन पेशंटांच्या मधे. मी विचारलं, "आणि इथे जास्तीत जास्त काय करायचंय? फायदा तर नाही."

"माणसं," तू म्हणालीस. "प्रत्येकाला लागतात तेवढे तास देऊन जास्तीत जास्त माणसं."

तुझं वेळापत्रक लागू झालं आणि सुमनला जागा मिळाली. उत्तम तुझ्या पाया पडायला आला तेव्हा तू पाय मागे घेतलेस आणि म्हणालीस, कांदे आण, पाया कसला पडतोस. तो खरंच पोतं घेऊन आला. तुला कांदा चालत नव्हता. तू नुसता हातात धरून वास घेतलास.

त्यानंतर काही आठवड्यांनी तू एका शुक्रवारी म्हणालीस, "आज नाही जायचं. या आठवड्यात एकदाच बास, डॉक्टर म्हणाले." मला बरं वाटलं. वाटलं, सुधारतेयस. पुढच्या आठवड्यातही तसंच. नंतर कधी दोनदा, कधी एकदा. तुझा आवाज इतका साधा होता ताई, की मी विचारलंच नाही.

तू गेलीस त्या दुपारी आई तुझ्या केसांना तेल लावत होती. तू म्हणालीस, "जरा जोरात चोळ गं," आणि मग आईचे हात थांबले.

नंतर मी डॉक्टरांना गाठलं. विचारलं, ते शुक्रवार कुणी कमी केले? त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिचं हृदय आधीच थकलं होतं विलासराव, तासांनी फार फरक पडला नसता." फार म्हणजे किती, हे तू लगेच विचारलं असतंस. मला विचारता आलं नाही. तेव्हापासून मी तेच घोळवतोय. सुमनला पुरेल एवढी जागा वेळापत्रकात खरोखर होती, की उरलेली तू आणखी कुठून काढलीस? तुला दुसऱ्याचं कापायचा अधिकार नव्हता. मग कुणाचं कापलंस? एकदा मला न विचारता माझं कापलंस. या वेळीही मला न विचारता? मी घरात मोठ्याने विचारतो आणि आतून पेन्सिलीचा आवाज येतो.

काल सकाळी दार वाजलं. उत्तम उभा होता. धोतर धुतलेलं, हातात पिशवी. त्याला तुझी बातमी कळलीच नव्हती. सुमनच्या माहेरच्यांनी तिला मुंबईला नेलं होतं, तिच्या आईने मूत्रपिंड दिलं, तो एवढे दिवस तिकडेच होता. तोंडभर हसत म्हणाला, "सुमन बरी शे आते. ताई कोठे शे? तिले सांगाले उनू." बायको बरी झाली हे तुला सांगायला आला होता.

आई आतून बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि परत आत गेली. मी त्याला बसवलं आणि सांगितलं. तो तसाच बसला, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मग विचारलं, "कधी?" मी तारीख सांगितली. तो हळूहळू मान हलवत राहिला. मला दिसत होतं, तो मनात मागे मागे जात होता, दवाखान्याच्या बाकापर्यंत.

ताई, माझ्या जिभेवर प्रश्न होता. शुक्रवारी तू घरी असायचीस तेव्हा त्या वेळेला यंत्रावर कोण असायचं, हे त्याला माहीत असणार. बायकोला घेऊन तोच यायचा, तोच बाहेर बसायचा. एका वाक्यात मला कळलं असतं. डॉक्टर लपवतील, तू लपवलंस, पण उत्तमला लपवता येत नाही. मी तोंड उघडलंही.

त्याने वर बघितलं. "काय भाऊ?"

तो 'शुक्रवार' म्हणाला असता, तर मला माझं उत्तर मिळालं असतं. आणि तो देवळ्याला परत गेला असता ते तेवढं घेऊन. सुमन अंगणात कांदे निवडताना दिसली की दर वेळी त्याला तेच दिसलं असतं. तिने एखाद्या दिवशी विचारलं असतं, असे काय बघता माझ्याकडे, तर त्याने काय सांगितलं असतं?

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घेणार ना?"

तो चहा घेऊन गेला. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो, देवळ्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्याने माझा हात धरला आणि गाडी हलली तरी सोडला नाही, मला चार पावलं बरोबर धावावं लागलं. परतताना तू माझ्या शेजारून चालत होतीस. नेहमीसारखी घाईने, अर्धं पाऊल पुढे. मी तुझ्याकडे बघितलं नाही. आज मीही माझंच कापलं म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस, एवढंच म्हटलं, आणि तुला गाठायला जरा भरभर चालायला लागलो.